थेरपी चालू आहे, पण लेकरू खरंच पुढं सरकायलंय का? घरच्या वहीत प्रगती कशी मोजायची

थेरपी चालू करून पाच-सहा महिने झाले की घरातलं प्रत्येकजण एकच विचारतंय, "काय फरक पडलाय का गं?" आणि खरं सांगते, मला उत्तर देता यायचं नाही. सकाळी सोन्यानं स्वतःहून चप्पल घातली की मी म्हणायची हो, लई फरक हाय, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाजारात मधोमध लोळून घेतलं की वाटायचं सगळं पाण्यात गेलं. म्हणजे उत्तर लेकरावर नाही, माझ्या त्या दिवसावर ठरायचं.

सोन्या आता साडेसहा वर्षांचा, साडेतीनचा असताना ऑटिझम (स्वमग्नता) आहे म्हणून कळालं. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो, आठवड्यातून दोनदा एसटीनं लातूरला जातो, ४५ मिनिटांचं एक सेशन. हिशोब करून बघा, आठवड्याचे तास १६८ आणि त्यातला सेंटरवर दीड तास. बाकी सगळं लेकरू आपल्याजवळ असतंय, मग मोजायचं काम सेंटरवर सोडून कसं चालेल?

पहिल्या सेंटरवर आम्ही आठ महिने काढले. दर महिन्याला रिपोर्ट यायचा, त्यात 'चांगली प्रगती, थेरपी चालू ठेवा' इतकंच. एकदा मी विचारलं, "मॅडम, जूनमध्ये त्याला काय येत नव्हतं आणि आता काय येतं?" तर फाईल उलटी-पालटी झाली, उत्तर आलंच नाही, कारण जूनमध्ये कुणी काही मोजलेलंच नव्हतं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी पहिल्या दिवशीच शंभर पानी वही आणायला सांगितली, आणि त्या वहीनं काय काय शिकवलं ते सगळं इथं लिहायलेय, म्हणजे दुसऱ्या कुणाचे आठ महिने जायला नकोत.

सगळ्यात आधी, मोजायचं काय

एकच गोष्ट निवडा, फार तर दोन. पहिल्याच आठवड्यात बारा गोष्टी लिहायला गेलं की चौथ्या दिवशी वही कपाटावर जाते, माझी पहिली वही तशीच गेली.

निवडताना मी हा क्रम धरते. ज्यानं लेकराला इजा होऊ शकते ते पहिलं, म्हणजे डोकं आपटणं, हात चावून घेणं, रस्त्यावर पळणं. त्यानंतर लेकराची स्वतःची गरज, म्हणजे पाणी मागणं, शी-सू सांगणं, नको म्हणता येणं. शेजाऱ्या-पाजाऱ्यांना काय बरं दिसतं ते सगळ्यात शेवटी. सोन्या आनंद झाला की हात फडफडवतो, कुणाचं काही बिघडत नाही, त्यामुळं ते कमी करायचं ध्येय आम्ही वहीत घेतलंच नाही आणि घेणारही नाही. 'डोळ्यात डोळे घालून बघितलं पाहिजे' हे पण मी घेतलं नाही, नावानं हाक मारल्यावर थांबला, वळला, तेवढं मला पुरे आहे.

आता ती गोष्ट अशा शब्दांत लिहायची की मोजता आली पाहिजे. 'चिडचिड करतो', 'हट्टी आहे', 'ऐकत नाही' हे मोजता येत नाही. मी असं लिहिलं होतं: लोळणं म्हणजे अंग टाकून जमिनीवर पडणं आणि ओरडणं, १० सेकंदांपेक्षा जास्त. दोन मिनिटं पूर्ण शांत राहिला तर ते लोळणं संपलं, त्यानंतर परत पडला तर दुसरं धरायचं. नुसतं मुसमुसणं, पाय आपटणं यात धरायचं नाही.

एवढं काटेकोर कशाला वाटेल, मलाही वाटलं होतं. एका रविवारी मी आणि सोन्याच्या पप्पांनी एकाच वेळी पण वेगवेगळं मोजलं, माझे ७ आले, त्यांचे ३. लहान आकड्याला मोठ्यानं भागून शंभरनं गुणायचं, म्हणजे ४३ टक्के जुळलं. मी मुसमुसणं पण धरत होते, ते धरत नव्हते. व्याख्या नीट केल्यावर पुढच्या रविवारी ५ आणि ४ आले, म्हणजे ८० टक्के, आणि मॅडम म्हणल्या ८० किंवा त्याच्या वर राहिलं की त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. महिन्यातून एकदा हे करून बघा, कारण काही दिवसांनी आपलं मन आपल्या नकळत सवलत द्यायला लागतं.

मोजायचं कसं, तेही स्वयंपाक करता करता

जे सुरू होतं आणि पटकन संपतं ते नग मोजायचे, जसं मारणं, चावणं, 'दे' म्हणणं. जे लांबतं त्याची मिनिटं मोजायची, लोळणं, रडणं, एका जागी बसणं. काही ठिकाणी 'किती उशिरानं' हे बघावं लागतं, म्हणजे 'चल, अंघोळीला' म्हणल्यापासून उठेपर्यंत किती वेळ गेला. आणि शिकवायच्या गोष्टीत दहापैकी किती वेळा जमलं ते लिहायचं.

पूर्ण दिवसभर मोजणं बहुतेकांना जमत नाही. जमत असेल तर ठीक, नाहीतर रोज ठरलेले दोन तास घ्या, आमचे संध्याकाळी ५ ते ७. पण मग रोज तेच तास, एक दिवस दोन तास आणि दुसऱ्या दिवशी पाच तास मोजले तर आकड्यांची तुलना होत नाही, तसं करावंच लागलं तर एकूण संख्येला तासांनी भागून तासाला किती ते लिहायचं.

हात पिठात असताना पेन कोण धरणार? आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चिंचोके काढले. दोन वाट्या ओट्यावर, एकीत चिंचोके, एक लोळणं झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत, रात्री मोजून वहीत आकडा. आत्याबाईंना लिहिता येत नाही, पण सगळ्यात पक्का हिशोब त्यांचाच असतो. बाहेर जाताना मी नामजपाचं बोटात घालायचं काउंटर वापरते, तुळजापूर-परळीला देवळाबाहेरच्या दुकानात मिळतं तेच, बटण दाबलं की आकडा पुढं जातो आणि कुणाचं लक्षही जात नाही. मिनिटांसाठी मोबाईलचं स्टॉपवॉच.

सात दिवस काहीच बदलू नका

याला बेसलाइन म्हणतात आणि सगळ्यात अवघड काम हेच आहे, कारण आपल्याला लगेच काहीतरी करायचं असतं. पण आधी किती होतं हे माहीत नसेल तर नंतर कमी झालं का वाढलं हे कशावरून सांगणार? आठवडाभर नेहमीसारखं वागायचं आणि फक्त मोजायचं. (इजा होण्यासारखं वागणं असेल तर मात्र आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी थेरपिस्ट किंवा डॉक्टरला फोन करायचा.)

सोन्याचा तो आठवडा वहीत असा आहे: ६, ४, ७, ५, ९, ५, ६. एकूण ४२, म्हणजे रोज सरासरी ६, आणि एका वेळी साधारण ११ मिनिटं. नऊचा दिवस आठवडी बाजाराचा. मी तोपर्यंत सगळ्यांना 'एका संध्याकाळी पंधरा-वीस वेळा लोळतो' असं सांगत होते, आणि खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटायचं.

आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय मिळालं

नुसता आकडा 'किती' सांगतो, 'का' सांगत नाही. त्यासाठी वहीच्या पानाला तीन उभे रकाने पाडायचे, थेरपिस्ट याला एबीसी तक्ता म्हणतात. पहिल्यात वागण्याच्या लगेच आधी काय घडलं, मधल्यात नेमकं काय केलं, तिसऱ्यात त्यानंतर लगेच त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. एक ओळ जशीच्या तशी देते:

मंगळवार, ५ वाजून २० मिनिटं. आधी: मी मोबाईल काढून घेतला, काही न बोलता. केलं: खाली पडला, ओरडला, ९ मिनिटं. नंतर: आजीनं मोबाईल परत दिला, गप झाला.

दोन-तीन आठवड्यांत माझ्या अशा ३० ओळी झाल्या. त्यात १८ वेळा आधी मोबाईल काढून घेतलेला, ७ वेळा लाईट गेली म्हणून किंवा मिक्सरचा नाहीतर ट्रॅक्टरवरच्या साऊंडचा आवाज, बाकी ५ इकडचे-तिकडचे. आणि मोबाईलच्या त्या १८ पैकी १५ वेळा मोबाईल परत मिळालेला. थेरपीत असं मानतात की लेकराचं कुठलंही वागणं बहुतेक चार कारणांपैकी एकासाठी असतं: कुणाचं तरी लक्ष मिळावं, नको असलेलं टळावं, हवी ती वस्तू मिळावी, किंवा शरीराला ते बरं वाटतं म्हणून. आमचं कारण तर पानावर लिहिलेलंच होतं.

हे आत्याबाईंना सांगायचं धाडस मला दोन दिवस झालं नाही. सांगितल्यावर म्हणल्या, "लेकरू रडायलंय आन् मी नुसतं बघत बसू का गं माय?" त्यांचं काय चुकलं होतं, आपण सगळेच असेच वाढलोय. मॅडमनी सांगितलं की नुसतं 'द्यायचं नाही' हा उपाय नाही, आधी त्याला मागायला शिकवा. म्हणून 'आणखी' असं चित्राचं कार्ड केलं, कार्ड दिलं की मोबाईल लगेच द्यायचा, सुरुवातीला दर वेळी, न चुकता. मोबाईल बंद करायच्या पाच मिनिटं आधी टायमर दाखवायचा. आणि लोळल्यावर मात्र मोबाईल मिळणार नाही, जवळ बसायचं, लागणार नाही एवढं बघायचं. चिंचोक्याची वाटी आत्याबाईंकडंच होती, पाचव्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, "आगं, मी एकदा दिला की दुसऱ्या दिशी चिंचोके वाढतेत बग."

त्याच पानावर वाढायला पाहिजे तेही मोजा

फक्त वाईट मोजत बसलं की वही बघूनच जीव नको होतो, आणि अर्धी गोष्ट सुटते पण. आमच्या पानावर डावीकडं लोळणं, उजवीकडं कार्ड देऊन मागणं. शिकवायच्या गोष्टीत 'जमलं-नाही जमलं' एवढं लिहू नका, किती मदतीनं जमलं ते लिहा. आम्ही पाच खुणा ठरवल्या: हात धरून करून घेतलं, नुसता कोपराला हात लावला, खुणेनं दाखवलं, बोलून सांगितलं, आणि स्वतः. हात धुण्यात सोन्या तीन महिने 'येत नाही' याच रकान्यात होता, पण मदतीच्या खुणा बघितल्या तर हात धरण्यावरून खुणेवर आलेला होता, लेकरू चालत होतं आणि आम्हाला दिसत नव्हतं.

'आलं' कधी म्हणायचं हेही आधीच लिहून ठेवा. आमचं असं: दहापैकी आठ वेळा, स्वतःहून, लागोपाठ तीन दिवस, दोन वेगळ्या माणसांसोबत आणि दोन वेगळ्या ठिकाणी.

आलेख, चौकटीच्या वहीत

अ‍ॅप लागत नाही, गणिताची चौकटीची वही घ्या. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर आकडा, रोज एक ठिपका, ठिपके जोडायचे. जिथं काही बदललं तिथं उभी रेघ मारून त्यावर लिहायचं: कार्ड सुरू, शाळा सुरू, ताप, नवीन औषध, मामाच्या गावाला. ही उभी रेघ कधीच विसरू नका. डॉक्टरनी औषध बदललं आणि त्याच आठवड्यात थेरपीतही बदल केला तर फरक कशानं पडला हे कुणालाच सांगता येत नाही, शक्य असेल तर एका वेळी एकच बदल करायला सांगा.

बघताना एका ठिपक्याकडं बघू नका. साधारण कितीवर चाललंय, रेघ वर जातेय का खाली, आणि ठिपके एकमेकांजवळ आहेत का उड्या मारायलेत, या तीन गोष्टी बघा. आमचा पहिला आठवडा ६ च्या आसपास होता, कार्ड सुरू केल्यावरचा आठवडा ८, ९, ११, ८, ७, ६, ५. अकराच्या दिवशी मी मॅडमना फोन लावून म्हणले, बंद करूया. त्या म्हणल्या हे होणारच होतं, रडून मिळायचं ते मिळेना झालं की लेकरू आधी जास्त जोरात रडून बघतं, तुम्ही आज दिलं तर तो अकरा वेळा रडायला शिकेल. कार्डाच्या चौथ्या आठवड्यात ४, ३, २, ५, ३, २, २ आले, सरासरी ३, आणि वेळ ११ मिनिटांवरून ४ वर. वही नसती तर त्या अकराच्या दिवशी आम्ही नक्की सोडलं असतं. पण एक सांभाळून, जिथं लेकरू स्वतःला इजा करतंय तिथं हा प्रकार घरी एकट्यानं करायचा नाही, थेरपिस्ट सोबत पाहिजे.

दोन आठवडे रेघ सपाट राहिली तर वाट बघत बसू नका, वही घेऊन जा आणि विचारा आता काय बदलायचं. सपाट रेघ म्हणजे लेकरू कमी पडलं असं नाही, बऱ्याचदा पायरी फार मोठी घेतलेली असते नाहीतर बक्षीस त्याला आवडेनासं झालेलं असतं. आणि काही न बदलता अचानक सगळं वाढलं तर आधी शरीर बघा: कान, दात, पोट साफ नसणं, झोप. न बोलणारं लेकरू दुखणं वागण्यातूनच सांगतं. एकदा तीन दिवस ठिपके वर गेले, मी वागणुकीचे अर्थ लावत बसले आणि निघाली दाढेची कीड. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, रात्री लाईट नसते, झोप होत नाही, म्हणून मी पानाच्या कोपऱ्यात झोपेचे तास लिहिते.

थेरपिस्टकडं काय मागायचं

लाजायचं नाही. लेखी ध्येय, प्रत्येक ध्येयाची बेसलाइन, 'आलं' कधी म्हणणार ती अट, आणि महिन्याला आलेख, एवढं मागायचा आपला हक्क आहे. थेरपिस्टचा रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी नंबर पण विचारा, चांगला माणूस रागावत नाही. दर तीन महिन्यांनी बसून जुनी ध्येयं तपासायची.

मोठ्या चाचण्यांचं थोडं समजून घ्या. इसा म्हणून जी चाचणी सर्टिफिकेटच्या वेळी करतात त्यात ४० प्रश्न असतात, गुण ४० ते २००, आणि ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या पुढं तीव्र असं धरतात. ती ऑटिझम किती आहे हे ठरवायला आहे, महिन्या-महिन्याची प्रगती तिच्यात दिसत नाही, त्यामुळं वर्षभरानं परत केल्यावर आकडा तेवढाच आला म्हणून खचू नका. शिकण्याची पायरी बघायला व्हीबी-मॅप सारखी चाचणी असते, त्यात ४८ महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या विकासातले १७० टप्पे आहेत, सहा महिन्यांनी परत केली की कोणते टप्पे नवीन भरले ते रंगवलेल्या चौकटीत दिसतं.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे, अंगणवाडी आणि सरकारी शाळेत येणारं पथक तेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, आणि निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पावत्या वहीतच चिकटवून ठेवा.

बाकीच्या माणसांना सामील कसं करायचं

शाळेच्या बाईंना पान भरायला लावू नका, चाळीस लेकरं असतात त्यांच्याकडं. मी डब्यात एक चिठ्ठी देते, त्यावर एकच प्रश्न: आज स्वतःहून किती वेळा काही मागितलं? बाई फक्त उभ्या रेघा मारतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेगळं, दिवाळीच्या आसपास गेलं की चार-पाच महिने कारखान्याच्या फडावर, थेरपी बंद. जाण्याआधी थेरपिस्टकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: सध्या कोणतं ध्येय, किती मदतीनं जमतं, काय केल्यावर शांत होतो, बक्षीस काय. लेकरू आजीजवळ राहो का सोबत जावो, ते पान सोबत द्या, आणि रोज नाही तर आठवड्यातून एक दिवस चिंचोके मोजा. परत आल्यावर शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

महिन्याच्या एक तारखेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, तीच जागा, तेच काम. पण तो घरात आणि थेरपिस्टपुरता, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, उद्या लेकरू मोठं होणार आहे.

आलेलं टिकतंय का

एक गोष्ट 'आली' म्हणून पान बंद केलं की एका आठवड्यानं, मग दोन, मग महिन्यानं आणि तीन महिन्यांनी परत एकदा मोजा. आणि घराबाहेर मोजा. सेंटरच्या टेबलावर दहापैकी दहा आणि अंगणात शून्य, असं लई होतं.

सोन्या घरात माझ्याकडं कार्डावर बोट ठेवून 'पाणी' म्हणायला लागला होता. येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) आम्ही शेतात गेलो, कडब्याच्या कोपीपुढं माणसंच माणसं, भज्जी-आंबिलाची गडबड, कार्ड घरी राहिलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, माठाजवळ बसलेल्या मामाचा शर्ट ओढला आणि म्हणला, "पाणी." मामानं तांब्या भरून दिला, त्याला माहीतच नव्हतं काय झालं ते. मी काउंटरचं बटण दाबलं, आणि घरी आल्यावर पहिल्यांदाच तो रकाना भरला: नवीन माणूस, नवीन जागा, मदत नाही, १.

सध्याच्या पानावर 'नको' म्हणणं आहे. बेसलाइनचा आज चौथा दिवस, आकडे ०, १, ०, ०.